विषाणु कोणीं पाहिला?

"विषाणु तुम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिला आहे काय?" असा प्रश्न आमच्या परिचयाच्या एका वृद्ध व्यापारी गृहस्थांनीं परवां आम्हांस भर दुकानांत केला. गृहस्थ शहाणे, चार पैसे बाळगून असलेले, हिशेबाला चोख आणि वर्तमानपत्र रोज वाचणारे. त्यांच्या नातवास नववा महिना संपत आला असून गोंवर-रुबेलाची लस टोंचून घेण्याविषयीं आरोग्यसेविकेचा निरोप घरीं आला आहे. आणि गोंवराचा विषाणु म्हणून कांहीं पदार्थच जगांत नाहीं, तो औषधें विकणाऱ्यांनीं उभा केलेला बागुलबोवा आहे, असें सांगणारा एक लांबलचक संदेश त्याच दिवशीं त्यांच्या मोबाईलवर आला आहे. सून टोंचून घ्या म्हणते, मुलगा थांबा म्हणतो, आणि निकाल आजोबांवर सोंपविलेला आहे. आम्हीं विषाणु पाहिलेला नाहीं, हें आम्हीं प्रांजळपणें कबूल केलें. "मग तुम्ही लिहितां कशाच्या आधारावर?" हा त्यांचा दुसरा प्रश्न. त्याचें उत्तर दुकानांत उभ्या उभ्या देण्यासारखें नव्हतें, म्हणून तें येथें देत आहों.

प्रश्न मूर्खपणाचा नाहीं. उलट, कोणीं कांहीं सांगितलें म्हणून तें खरें मानूं नका, पुरावा मागा, असा उपदेश या देशांतील सुधारक शंभरांहून अधिक वर्षें करीत आले. आणि तोच उपदेश लोक आतां डॉक्टरांस व शास्त्रज्ञांस लावूं लागले असतां आम्हीं कपाळास आंठ्या घालाव्या हें आम्हांस शोभणार नाहीं. आमची तक्रार इतकीच कीं, ही तपासणी दोन्ही पारड्यांस सारखी होत नाहीं. डॉक्टर बोलला कीं आमचे लोक चार्वाकाहूनही कडक होतात. प्रत्यक्षावांचून दुसरें प्रमाण त्यांस चालत नाहीं. तेंच मोबाईलवर कांहीं आलें, त्याखालीं लिहिणाराचें नांव नसलें, गांव नसलें, तारीख नसली, तरी तें वेदवाक्याप्रमाणें शिरोधार्य! पंचवीस रुपयांच्या मालाची पावती मागणारा मनुष्य नातवाच्या जिवाच्या बाबतींत बिनसहीचा कागद मान्य करतो, हें पाहून आम्हांस विस्मय वाटतो.

शिवाय डोळ्यांनीं पाहिलेलें तेवढेंच खरें, असा नियम व्यवहारांत कोणीच पाळीत नाहीं. धूर दिसला कीं अग्नि आहे असें आमचे नैयायिक म्हणत आले, आणि परगांवच्या पेढीवरील रोकड न पाहतां हुंडी स्वीकारणारे व्यापारीही अनुमानावरच चालत आले. पाहावयाचें तें इतकेंच कीं, अनुमान नीट केलेलें आहे कीं नाहीं. विषाणूच्या बाबतींत तें कसें केलें गेलें, ती हकीकत मोठी वाचनीय आहे.

तंबाखूच्या पानांवर फिकट-गडद चट्टे पडून पीक बुडविणारा एक रोग आहे. १८९२ सालीं रशियांत दिमित्री इव्हानोव्हस्की यांनीं अशा रोगट पानांचा रस काढून तो चिनी मातीच्या गाळणींतून गाळला. ही गाळणी इतकी सूक्ष्म कीं, तोंवर ठाऊक असलेले जंतु तिच्यांत अडकून राहत. रस स्वच्छ गळला. पण निरोगी रोपास तो लावतांच त्यासही रोग जडला. म्हणजे जंतूंहून बारीक असें कांहीं तरी त्या रसांत होतें. तें एखादें विष असेल, असें कोणासही वाटावें. ही शंका १८९८ सालीं हॉलंडमध्यें मार्टिनस बायेरिंक यांनीं फेडली. एका रोपाचा रस दुसऱ्यास, दुसऱ्याचा तिसऱ्यास, असा क्रम त्यांनीं चालविला. विष असतें तर मिठाच्या पाण्यांत पुनःपुन्हा साधें पाणी ओतावें तसें तें प्रत्येक पायरीस फिकें पडत गेलें असतें. येथें तसें झालें नाहीं. शेवटच्या रोपासही पहिल्याइतकाच रोग झाला. मीठ असें वागत नाहीं, विरजण वागतें. आपल्या घरांतील कोणतीही बाई सांगेल कीं, कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधांत आणि आजच्याचा उद्यांच्या दुधांत घालीत गेलें तरी विरजणाचा जोर सरत नाहीं, कारण त्यांत वाढणारें कांहीं आहे. तंबाखूच्या रसांतही वाढणारें कांहीं होतें. मात्र तें जिवंत झाडांतच वाढत होतें, नुसत्या रसांत नव्हे. त्याच सालीं जर्मनींत लोफ्लर व फ्रॉश यांनीं गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाविषयीं असाच गाळणीचा पुरावा पुढें आणला.

संदेशांतील मुख्य आक्षेपाचें उत्तर येथेंच आहे. 'विषाणु शुद्ध स्वरूपांत, एकटा, काचेच्या बशींत वाढवून दाखवा' असें त्यांत आव्हान आहे. आंब्याच्या फांदीवरचें बांडगूळ सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. तें कुंडींत माती घालून वाढवून दाखवा, नाहीं तर बांडगूळ म्हणून कांहीं नाहींच असें आम्ही म्हणूं, असा हट्ट कोणीं धरला तर शेतकरी त्यास काय म्हणेल? जिवंत पेशीवांचून न वाढणें हाच विषाणूचा धर्म आहे. म्हणून त्यास पेशींतच वाढवावें लागतें. वाढल्यावर मात्र तो वेगळा काढतां येतो व मोजतां येतो. १९३५ सालीं अमेरिकेंत वेंडेल स्टॅन्ले यांनीं तंबाखूच्या त्याच विषाणूचे स्फटिक करून दाखविले, आणि १९३९ सालीं जर्मनींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं त्याच्या काड्यांसारख्या आकृति प्रथम दिसल्या. तेव्हां 'कोणीं पाहिला?' याचें अक्षरशः उत्तर हें कीं, गेलीं ऐंशींहून अधिक वर्षें पुष्कळांनीं पाहिला आहे, आणि पाहणाऱ्यांत आपल्या पुण्याचेही लोक आहेत. १९५२ सालीं तेथें स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनें २०२० सालीं केरळांतील एका रुग्णाच्या नमुन्यांत करोनाच्या विषाणूचें चित्र घेतलें. असे सुमारें दहा हजार विषाणु एका मिलिमीटरांत ओळीनें मावतील. नुसत्या डोळ्यांनीं पाहावयाची गोष्टच नको. त्याच वर्षाच्या जानेवारींत चिनी शास्त्रज्ञांनीं त्याची जनुकरचना प्रसिद्ध केली होती, आणि ज्या राष्ट्रांचें चीनशीं मुळींच पटत नाहीं त्यांच्याही प्रयोगशाळांनीं आपापल्या रोग्यांपासून विषाणु काढून ती ताडून पाहिली. ती जुळली. एकमेकांचें वाईट चिंतणाऱ्या चार पेढ्यांच्या वह्यांत एकच रक्कम निघाली तर ती खोटी म्हणावयास फार धैर्य लागतें.

आमच्या गृहस्थांच्या मनांत सर्वांत खोल रुतलेली गोष्ट मात्र निराळीच होती. 'जर्मनींतील न्यायालयानेंच गोंवराचा विषाणु नाहीं असा निकाल दिला आहे,' असें त्या संदेशांत ठळक अक्षरांत होतें. न्यायालयाचें नांव निघालें कीं व्यापारी मनुष्य विचारांत पडतो, आणि तें योग्यच आहे. म्हणून ही हकीकत आम्ही थोडी विस्तारानें देतों. स्टेफान लांका नांवाच्या, जीवशास्त्र शिकलेल्या एका जर्मन गृहस्थांनीं २०११ सालीं जाहीर केलें कीं, गोंवराच्या विषाणूचें अस्तित्व व त्याचा व्यास सिद्ध करणारा शास्त्रीय निबंध जो आणील त्यास एक लक्ष युरो देऊं. एका तरुण डॉक्टरानें सहा निबंध पाठवून दिले. लांका पैसे देईनात, तेव्हां प्रकरण कोर्टांत गेलें. २०१५ सालीं राफेन्सबुर्ग येथील न्यायालयानें तज्ज्ञाचें मत घेऊन डॉक्टराच्या बाजूनें निकाल दिला. २०१६ सालीं श्टुटगार्टच्या वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला. कां, तर बक्षिसाच्या शर्तींत एकच निबंध मागितला होता, आणि पुरावा सहा निबंधांत मिळून होता. बक्षीस लावणारास आपल्या अटी आपण ठरविण्याचा अधिकार आहे. विषाणु नाहीं, असें त्या न्यायालयानें म्हटलें नाहीं. शंभर पोतीं एकाच गाडींत आणा म्हणून केलेला सौदा सहा गाड्यांत पोतीं आल्यामुळें मोडला, तर पोत्यांत धान्यच नव्हतें असें कोणी म्हणेल काय? पण निकालाचें पहिलें पान वाचणारे थोडे, आणि निकाल लागला एवढेंच ऐकणारे पुष्कळ.

येथपर्यंत आम्ही संदेश लिहिणाराशीं बोललों. तो संदेश मानणाराशीं याच सुरांत बोलणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. लोक शास्त्रावर विश्वास ठेवीत नाहींत याचें कारण त्यांचें अज्ञान, असें म्हणून आमचे कित्येक विद्वान हात झटकतात. हें खरें असतें तर किती सोपें झालें असतें! अज्ञानावर शाळा काढतां येते. परंतु अविश्वासाचें मूळ पुष्कळ वेळां अनुभवांत असतें, आणि अनुभव शाळा काढून पुसला जात नाहीं.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईंत प्लेग शिरला. प्लेग हा विषाणूचा नव्हे, जंतूचा रोग. पण आमच्या मुद्द्यास तो लागू आहे. १८९७ सालीं साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि पुण्यांत रँडसाहेबाच्या हाताखालीं गोरे सोजीर घरोघर रोगी हुडकूं लागले. स्वयंपाकघर, देवघर, बायकांच्या खोल्या, कांहींही सुटलें नाहीं. लोक रोगी लपवूं लागले, प्रेतें लपवूं लागले. म्हणजे ज्या उपायानें रोग आटोक्यांत यावयाचा त्यानेंच तो पसरला. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालें तें सर्वश्रुत आहे. ज्या सरकारनें घराचा उंबरठा मोडला, त्याच सरकारची सुई दंडांत घ्या म्हटल्यावर ती कोण घेईल? उलट त्याच वर्षीं, त्याच पुण्यांत, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च रोजीं त्याच रोगानें वारल्या. आणि मुंबईंत वाल्डेमार हाफकिन यांनीं प्लेगची आपली लस १० जानेवारी रोजीं प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. लोकांचा विश्वास मिळविण्याची रीति कोणास ठाऊक नव्हती असें नाहीं. ती सरकारास ठाऊक नव्हती. १८९७ चा तोच कायदा १२३ वर्षांनीं, २०२० सालीं, करोनाच्या वेळीं पुन्हा बाहेर काढण्यांत आला, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

हाफकिन यांचें पुढें जें झालें तें फार थोड्यांस माहीत आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल नांवाच्या गांवीं १०७ माणसांस त्यांची लस टोंचली गेली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस घेतलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. सर्वत्र हाहाकार उडाला. लस मुंबईच्या प्रयोगशाळेंतच बिघडली असें ठरवून हाफकिन यांस पदावरून दूर करण्यांत आलें. पुढें मात्र उघड झालें कीं, ती बाटली गांवांत उघडतांना मदतनिसाच्या हातांतील चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं जाहीरपणें हाफकिन यांची बाजू घेतली, तेव्हां १९०७ सालीं त्यांजवरील ठपका निघाला. आणि १९२५ सालीं मुंबईच्या त्या प्रयोगशाळेस त्यांचेंच नांव देण्यांत आलें. एका निरपराध मनुष्याचीं पांच वर्षें फुकट गेलीं आणि एकोणीस माणसें जिवास मुकलीं, या गोष्टी आम्ही झांकीत नाहीं. पण चूक सांपडली ती कशी? बाटल्यांस क्रमांक होते, कोणास कोणत्या बाटलीची लस टोंचली याची नोंद होती, साक्षी होत्या, आणि सरकारी चौकशीचा निकालही तपासून पाहणारे लोक होते. आमच्या शास्त्रकारांनीं आप्तवाक्य प्रमाण मानलें. पण आप्त कोण? कधींच न चुकणारा आप्त अद्याप कोणास भेटलेला नाहीं. ज्याची चूक त्याच्याच वह्यांतून बाहेर काढतां येते, त्यास आम्ही आप्त समजतों. संदेश लिहिणाराची तर वहीच नाहीं!

आतां हीच कसोटी आमच्या सरकारास व वैद्यकीय अधिकाऱ्यांस लावूं. २००९-१० सालीं आंध्र प्रदेश व गुजरात येथें शाळकरी मुलींस गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस प्रयोगादाखल टोंचण्यांत आली. पुढें कांहीं मुलींच्या मृत्यूंवरून ओरड झाली. त्या मृत्यूंचा लशीशीं संबंध चौकशींत आढळला नाहीं. परंतु संमतिपत्रांवर आईबापांच्या ऐवजीं वसतिगृहांच्या अधिकाऱ्यांनीं सह्या ठोकल्या होत्या, असें निघालें, आणि २०१३ सालीं संसदेच्या समितीनें त्यावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष आणि लसवाले सदोष, असा हा प्रकार. सामान्य बापानें या दोहोंत भेद कसा करावा? दुसरें उदाहरण तर अगदीं अलीकडचें. पुण्यांत तयार होणारी कोव्हिशील्ड लस ज्या मूळ लशीवरून निघाली, तिच्यानंतर अत्यंत क्वचित् रक्ताच्या गुठळ्या होण्याचा विकार संभवतो, हें युरोपच्या औषधनियामकांनीं एप्रिल २०२१ मध्येंच जाहीर केलें होतें. आमच्या आरोग्य मंत्रालयानेंही त्या मे महिन्यांत लक्षणांविषयीं सूचना काढली. पण सूचना काढणें निराळें आणि रांगेंत उभ्या असलेल्या मनुष्यास त्याच्या भाषेंत सांगणें निराळें. म्हणून २०२४ सालीं तीच गोष्ट इंग्लंडांतील एका दाव्याच्या निमित्तानें छापून आली, तेव्हां तीन वर्षांचें गुपित फुटल्यासारखें लोकांस वाटलें. धोका हजारोंनीं थोडा होता. तो सांगण्याची भीति मात्र अधिकाऱ्यांस मोठी वाटली. गिऱ्हाइकास मालांतला बारीक दोष आधीं सांगणारा दुकानदार आणि तो दोष शेजाऱ्याकडून कळूं देणारा दुकानदार, यांत बाजार कोणास ओळखतो, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगणें नको.

या अविश्वासास जागा आहे, म्हणून त्याचें अनुमानही खरें, असें मात्र कोणीं समजूं नये. दक्षिण आफ्रिकेचें उदाहरण या बाबतींत भयंकर आहे. गोऱ्यांच्या वर्णद्वेषी राज्यांत काळ्या प्रजेनें काय काय सोसलें होतें! गोऱ्या डॉक्टरांच्या शास्त्राविषयीं तेथें संशय असावा हें स्वाभाविक होतें. १९९९ सालीं अध्यक्ष झालेले थाबो म्बेकी हे चांगले शिकलेले, स्वातंत्र्याच्या चळवळींत वाढलेले पुरुष. पण एड्स हा रोग एचआयव्ही विषाणूनेंच होतो कीं नाहीं, या वादाच्या भोवऱ्यांत ते सांपडले. विषाणु न मानणाऱ्यांस त्यांनीं आपल्या सल्लागार मंडळांत बसविलें. त्यांच्या आरोग्यमंत्री बाई लसूण, बीट आणि लिंबू यांची थोरवी गाऊं लागल्या. गरोदर स्त्रियांपासून बालकांस होणारा संसर्ग टाळणारें औषध सरकारी इस्पितळांतून सर्रास देण्यास सरकार तयार होईना. अखेर २००२ सालीं त्या देशाच्या घटना न्यायालयास तसा हुकूम करावा लागला. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं २००८ सालीं हिशेब मांडला, तेव्हां २००० ते २००५ या काळांत उपचार वेळेवर न दिल्यामुळें ३,३०,००० हून अधिक माणसें अकालीं मेलीं, असें त्यांत निघालें. मेलेलीं माणसें गोऱ्यांचीं नव्हतीं. ज्यांच्या अपमानाचा सूड म्हणून हा संशय पोसला गेला, तींच तीं होतीं.

आपल्याकडे इतकें झालें नाहीं, हें खरें. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोंचली गेली. या देशांतील ती पहिलीच. तेव्हांपासून १९७५ सालीं देवी येथून हद्दपार होईपर्यंत पावणे दोनशें वर्षें गेलीं. १९८० सालीं सर्व जगच त्या रोगांतून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. आमच्या गृहस्थांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. त्यांच्या मुलाच्या दंडावर नाहीं, कारण त्याच्या वेळीं टोंचण्याची गरजच उरली नव्हती. रोग डोळ्यांआड झाला कीं लसच तेवढी डोळ्यांत खुपूं लागते! पण गोंवर डोळ्यांआड झालेला नाहीं. करोनाच्या काळांत बालकांचें लसीकरण मागें पडलें, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईंत, विशेषतः गोवंडीकडील दाट वस्त्यांत, गोंवरानें लहान मुलें दगावलीं. त्यांच्या आया विषाणु आहे कीं नाहीं, असा वाद घालीत बसल्या नव्हत्या. कोणास दवाखाना दूर होता, कोणाचा रोज बुडत होता, कोणास मागच्या वेळच्या तापाचें भय होतें, आणि समजावून सांगण्यास फुरसत असलेला मनुष्य त्यांच्या दारांत क्वचितच गेला होता.

सर्वोच्च न्यायालयानें २ मे २०२२ रोजीं लसीकरणाच्या एका खटल्यांत दोन गोष्टी सांगितल्या: कोणासही बळजबरीनें लस टोंचतां येणार नाहीं, आणि लशीनंतर होणाऱ्या अपायांची नोंद व माहिती लोकांस खुली असली पाहिजे. पहिली गोष्ट लशीच्या विरोधकांनीं गांवभर केली. दुसरी आमच्या नगरपालिकेच्या दवाखान्याच्या भिंतीवर केव्हां लागणार, असें आम्ही आरोग्य अधिकाऱ्यांस विचारतों. या शहरांत गेल्या वर्षीं किती बालकांस लस टोंचली, किती जणांस ताप आला, किती जणांस इस्पितळांत न्यावें लागलें, आणि गोंवर किती जणांस झाला, हे चार आंकडे मराठींत, मोठ्या अक्षरांत, दर महिन्यास लावण्यास किती खर्च येतो? व्यापारी मंडळानें फळा विकत घेऊन देण्याचें मनांत आणलें तर तेवढीही सबब उरणार नाहीं. शेटजींनीं आपल्या दुकानांतील नोकरांस मुलांच्या लशीच्या दिवशीं अर्ध्या दिवसाची पगारी सुट्टी दिली, तर तिचा उपयोग आमच्या या अग्रलेखाहून अधिक होईल.

आमच्या गृहस्थांकडे आम्ही काल पुन्हा गेलों होतों. जर्मनीची हकीकत ऐकून ते हंसले, मुल्कोवालची ऐकून गंभीर झाले. "म्हणजे बाटलींत गफलत होऊं शकते," असें ते म्हणाले. होऊं शकते, असें आम्हींही म्हटलें, आणि लशीच्या कुपीवर एक लहानसें वर्तुळ व त्याच्या आंत एक चौकोन असतो, तें आम्हीं त्यांस कागदावर काढून दाखविलें. चौकोन वर्तुळाहून फिका असेल तर लस थंडाव्यांत राहिलेली. उष्णता लागून तो वर्तुळाच्या रंगाचा किंवा त्याहून गडद झाला असेल तर कुपी टाकून द्यावयाची. गोंवराची लस एकदां पाण्यांत कालविली म्हणजे चार तासांच्या आंत संपवावी लागते, हेंही त्यांस सांगितलें. तें पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाहीं. चष्मा आणि घड्याळ पुरे. "हें मला आजवर कोणीं दाखविलें कां नाहीं?" असें ते म्हणाले, आणि त्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. येत्या लसीकरणाच्या दिवशीं नातवास घेऊन ते स्वतः जाणार आहेत, आणि कुपी हातांत घेऊन चौकोन पाहिल्याशिवाय टोंचूं देणार नाहींत. सेविकेनें त्यांजवर रागावूं नये, एवढी आमची तिला विनंति आहे.